क्रशरजवळचं लाल बटण

बटणात काय एवढं, असं कुणी म्हणालं की माझं डोकं सटकतं. गाळ्यावर माणूस यायचा, गाडी बाहेर चालूच ठेवायचा आणि दारातूनच ओरडायचा, "बाई, एक बटण द्या हो." कसलं बटण? "अहो, दाबायचं!" वा रे शहाण्या. औषधाच्या दुकानात जाऊन 'एक गोळी द्या हो, गिळायची' असं म्हणतोस का? तिथे बरी चिठ्ठी घेऊन जातोस. इथे मोटर तुझी, पट्टा तुझा, त्याच्याशेजारी उभी राहणारी माणसंही तुझीच, आणि तुला साधं एवढं विचारावंसं वाटत नाही की कोणतं बटण कशाला लागतं.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "सुनंदाताई, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." लिहिते. एकदोन गमती आहेत, त्या आधी सांगून टाकते. त्यानंतर जे लिहायचं आहे ते हलकं नाही. छापायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

मी पॅनल बनवायचे. कारखान्यात मोटरीजवळ भिंतीवर लोखंडी पेटी असते ना, बाहेर हिरवं-लाल बटण आणि आत वायरींचं जंजाळ, तिला पॅनल म्हणतात. मी मूळची देवरूखकडची. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात पहिल्या दिवशी गेले तर मास्तर म्हणाले, "मुली, शिवणाचा वर्ग पलीकडे." मी म्हटलं, "शिवण मला येतं, म्हणूनच इकडे आले." सगळा वर्ग हसला. तेव्हापासून रत्नागिरीत गाळा टाकून तीसएक वर्षं हेच केलं. पॅनल बनवणारी बाई म्हटल्यावर लोक आधी माझ्या मागे बघायचे, खरा मिस्त्री कुठे उभा आहे म्हणून. आता गाळ्याची किल्ली पुतण्याकडे आहे आणि मला राग करायला भरपूर वेळ आहे.

तर बटण. तुमच्या दारावरची बेल आठवा. बोट ठेवलंत की वाजते, उचललंत की गप्प. आत स्प्रिंग असते, ती बटण परत वर ढकलते. आता पंख्याचं बटण आठवा. ते दाबलंत की दाबलेलंच राहतं. बटणांच्या या दोन जाती, एक क्षणभराची आणि एक बसून राहणारी. एवढं कळलं तरी निम्मा धंदा कळला.

उरलेला निम्मा बटणाच्या पोटात असतो. आत धातूच्या पट्ट्या असतात. काही बटणांत त्या एरवी सुट्या असतात आणि दाबल्यावर जुळतात. त्याला आम्ही एनओ म्हणतो. मशीन चालू करायचं हिरवं बटण एनओ. दुसऱ्या जातीत पट्ट्या आधीच जुळलेल्या असतात आणि दाबल्यावर सुटतात. तो एनसी. मशीन थांबवायचं लाल बटण नेहमी एनसीच असायला हवं. का? तर उद्या उंदराने वायर कुरतडली, स्क्रू ढिला झाला, खाऱ्या हवेने पट्टी खाल्ली, तर जोड तुटतो आणि मशीन आपोआप थांबतं. बटण बिघडलं तरी माणसाच्या बाजूने बिघडतं. ज्या कुणी हे पहिल्यांदा शोधून काढलं असेल त्याच्या पाया पडावं असं मला अजून वाटतं.

आणखीही प्रकार आहेत. पोटात दिवा असलेलं असतं, किल्लीने फिरणारं असतं, म्हणजे कुणी सोम्यागोम्या येऊन मशीन चालू करणार नाही. हिरवं बटण भोवतीच्या कड्याच्या आत बसवतात, कुणाचं कोपर लागून मशीन सुरू होऊ नये म्हणून. लाल मुद्दाम बाहेर काढतात, चटकन सापडावं म्हणून. आणि सगळ्यात बाहेर असतं ते मश्रूम. पावसात अळंबी उगवते तसं मोठं लाल डोकं. ते बोटाने दाबायचं नसतंच, तळहाताने मारायचं असतं, कारण जीवावर बेतलं की माणसाला बोट नेमकं टेकवायला सवड नसते. एकदा मारलं की ते आत बसतं आणि हाताने फिरवून सोडवल्याशिवाय बाहेर येत नाही. तोवर मशीन चालू होत नाही.

झालं, एवढंच आहे. आता गमती.

नाटे बंदरातले एक तांडेल होते. बोटीवर जन्म गेलेला माणूस, मला म्हणाले, "इंजिन मी डोळे मिटून खोलतो, मला काय शिकवता?" घरच्या माडांना पाणी द्यायला छोटा पंप होता, त्याला माझ्याकडून हिरवं बटण घेऊन गेले. सोबत स्टार्टर घ्या म्हटलं तर हसले. महिन्याने फोन आला, "बाई, तुमचं बटण आईला चावतं." मी गेले. परसात म्हातारी स्टुलावर बसलेली, हिरव्या बटणावर अंगठा रुतवून. बोट काढलं की पंप बंद, म्हणून रोज सकाळी तासभर ती तशीच बसायची. अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. "बाय गो, पोरगा बोलला कंपनीचं असंच येतं," असं ती मला समजावून सांगत होती. तांडेलांना मी त्यांच्या आईदेखत जे बोलले ते दिवाळी अंकात लिहिता येणार नाही. स्टार्टर बसवून दिला, पंप आपला आपण चालायला लागला, तशी म्हातारी हिरमुसली. "आणि मग मी सकाळची करू काय?" म्हणाली.

दुसरे देवरूखचे भातगिरणीवाले. त्यांना चालू करायचं बटण लाल हवं होतं आणि थांबवायचं हिरवं. का, तर कुंकू लाल, शुभकार्याची सुरुवात लाल रंगाने व्हावी. मी म्हटलं, गिरणीला हवं तेवढं कुंकू लावा, पण बटणांचे रंग जगभर ठरलेले आहेत, मी उलटे लावणार नाही. त्यांनी दुसऱ्याकडून लावून घेतले. पुढे एकदा पट्टा सरकायला लागला आणि त्यांच्या भावाने धावत जाऊन लाल दाबलं, मग परत लाल, परत लाल. चालू मशीनचं चालूचं बटण दाबून काय डोंबल होणार? पट्टा तुटून कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यावर जाऊन पडला. माणूस वाचला हे नशीब. दुसऱ्या दिवशी गिरणीवाले माझ्या दारात. "बाई, तुमचे ते जगभरचे रंग लावून द्या."

हसलात? हसून घ्या. माझ्याकडच्या गमती संपल्या.

बंदराजवळ मासळीचा एक कारखाना आहे. नाव लिहीत नाही. तिथे बर्फाच्या लाद्या फोडायचं क्रशर होतं. वरून लादी सरकवायची, आत दातेरी रूळ फिरतात, खाली चुरा पडतो, तो मासळीच्या खोक्यांत भरायचा. त्याचं पॅनल मी बनवलेलं. ओल लागू नये म्हणून ते आतल्या भिंतीवर होतं, मेन स्विचही तिथेच, क्रशरपासून दहाएक पावलांवर. आणि खुद्द क्रशरच्या तोंडाशी, एका छोट्या डबीत, मश्रूम. बसवलं तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. मालक तेवढंसुद्धा नको म्हणत होते, मी भांडून बसवलं होतं.

त्या मश्रूमची त्यांनी खुंटी केली. डोकं बाहेर आलेलं, हाताशी, मग काय! डब्याच्या पिशव्या, रेनकोट, ओढण्या, सगळं त्याच्यावर. दसऱ्याला यंत्राची पूजा करून झेंडूची जाडजूड माळसुद्धा त्यालाच घातली. पिशवी जड झाली, कुणी ओढून काढली की डोकं आत बसायचं आणि क्रशर बंद. मग नानांचा फोन, "ताई, मशीन गेलं हो!" नाना म्हणजे तिथले मॅनेजर. मी स्कूटर काढून जायची, पिशवी उचलायची, डोकं फिरवायचं, मशीन सुरू. "नाना, ही खुंटी नाही." "अहो ताई, बायकांनी पिशव्या ठेवायच्या कुठे? खाली पाणी असतं." मी स्वतः जाऊन बाजूच्या भिंतीला सहा हुक मारून दिले. पुढच्या खेपेला हुक रिकामे आणि मश्रूमवर दोन पिशव्या. बोलून बोलून माझी जीभ झिजली.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या, धक्क्यावर मासळी यायला लागली आणि एका सकाळी क्रशर चालूच होईना. पिशवी वगैरे काही नव्हती. मी डबी उघडली तर आत खारं पाणी गेलेलं. मश्रूमच्या पुढे दिसतं ते नुसतं डोकं, खरं काम मागे लावलेला छोटा ठोकळा करतो, त्याला आम्ही एलिमेंट म्हणतो. त्या एनसी एलिमेंटच्या पट्ट्या हिरव्यागार पडून सुटल्या होत्या. म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं होतं. मघाशी म्हटलं ना, बिघडलं तरी माणसाच्या बाजूने बिघडतं, तेच.

माझ्या पिशवीत एनओचे एलिमेंट डझनभर, एनसीचा एकही नाही. गाळ्यावरही नाही. कोल्हापूरहून मागवायला दोनतीन दिवस. बाहेर बोटी लागलेल्या, ओट्यावर मासळीचे ढीग, बायका उभ्या, नाना घामाघूम. "ताई, सगळा माल सडेल. पाया पडतो तुमच्या, तात्पुरतं काहीतरी करा."

मी केलं. वायरीचा बोटभर तुकडा घेतला, दोन्ही टोकं सोलली आणि एलिमेंटच्या दोन्ही स्क्रूंना जोडून टाकली. याला लूप म्हणतात. लूप टाकला की वीज त्या तुकड्यातून जाते, बटण आहे की नाही याची तिला फिकीर नसते. क्रशर धडधडत सुरू झालं. मश्रूम दिसायला तसंच लाल, मारलं की आत बसणारं, फिरवलं की बाहेर येणारं. फक्त त्याने काही थांबणार नव्हतं. डबीवर मी मार्करने 'बटण नादुरुस्त' लिहिलं आणि नानांना बजावलं, सगळ्यांना सांगा. नाना म्हणाले, सांगतो. मार्करची अक्षरं बर्फाच्या पाण्याने दुसऱ्या दिवसापर्यंत धुऊन गेली असणार. इतकी वर्षं धंदा केलेल्या बाईला हे कळू नये?

दुसऱ्या कुणी लूप टाकलेला मला सापडला की मी अख्खा कारखाना डोक्यावर घ्यायची. एका करवत गिरणीच्या वायरमनला मी एकदा असा फैलावर घेतला होता की तो रडकुंडीला आला. आणि मी स्वतः टाकला तेव्हा मला वाटलं, माझी गोष्ट वेगळी आहे, मला कळतं मी काय करते आहे. अक्कल होती ना मला! अक्कल होती म्हणून तर जास्त राग येतो.

तिसऱ्या दिवशी एलिमेंट आला. मी नानांना फोन केला. "आता नको हो ताई," ते म्हणाले, "गणपती तोंडावर आले, त्याआधी माल बाहेर काढायचाय. अर्धा तास मशीन थांबवलं तर मालक मला उभा जाळतील. गणपतीनंतर बघू."

कोकणात हे वाक्य कुणालाही पटतं. सोयरीक असो, कोर्टाची तारीख असो, किडकी दाढ असो, गणपतीनंतर बघू. मलाही पटलं. मलाही गावी जायचं होतं, गौरी आणायच्या होत्या, सुनांचे ओवसे होते, म्हणजे गौरीपुढे सुपं ओवाळायची होती, घराला रंग द्यायचा राहिला होता. अर्ध्या तासाचं काम. मी हट्ट धरला असता तर नानांनी करू दिलं असतं, मी भांडले की ते नमायचे. मी भांडले नाही. एलिमेंट खोक्यासकट गाळ्यावर फळीवर ठेवला आणि देवरूखची एसटी पकडली.

आता पुढचं नीट ऐका, कारण हे आमच्याकडेच होऊ शकतं. गणपतीला क्रशरवरचे गडी आपापल्या गावी गेले. कारखाना बंद ठेवायला मालक तयार नाहीत. मग मासळी निवडायच्या टेबलावरच्या, मोहल्ल्यातून येणाऱ्या मुसलमान बायकांना नानांनी क्रशरवर उभं केलं. त्यात कुलसुम आणि हसीना होत्या. दोघी सख्ख्या जावा. हसीनाचा नवरा जहाजावर, कुलसुमचा दुबईला, घरी सासू. बटण नादुरुस्त आहे हे क्रशरच्या गड्यांना ठाऊक होतं. या दोघींना कुणी सांगितलं नाही.

ओवशाच्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला. माझ्या हातात सूप होतं. "ताई, एकीचा हात गेला क्रशरमध्ये." मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य, "उद्या पहिल्या गाडीने या. तपासणीवाले साहेब यायच्या आत ते तेवढं करून टाका."

लादी अडकली, हसीनाने हाताने ढकलली, बाही ओढली गेली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त त्या वायरीचा तुकडा दिसत होता.

मी पहिल्या गाडीने गेले. लूप काढला, नवा एलिमेंट लावला. डोकं बदलायला घेतलं तर नाना म्हणाले, "ते जुनंच राहू दे. नवं दिसलं तर विचारतील." मी जुनंच ठेवलं. मनाला सांगत होते, धोका तसाच कसा ठेवू, उद्या आणखी कुणाचा हात जाईल. हे खोटं नव्हतं, म्हणून तर इतकं सोयीचं होतं. नानांनी वायरीचा तुकडा माझ्या हातातून घेतला आणि खिशात टाकला.

साहेब चार दिवसांनी आले. मधल्या चार दिवसांत गावभर झालं होतं की कुलसुम नुसती उभी राहिली. शेजारी लाल बटण, तळहाताएवढं, आंधळ्यालाही सापडेल, आणि हिने मारलं नाही. का मारलं नाही? जावाजावांचं पटत नव्हतं म्हणे! चुलीवरून भांडण झालं होतं म्हणे. मला हे नानांनीच सांगितलं, वर म्हणाले, "एका अर्थी बरं झालं, त्यांच्या घरचंच काहीतरी निघालं." त्या माणसाच्या मुस्काटात मारायला हवी होती. मी चहा पीत होते, पीत राहिले.

तपासणीच्या दिवशी मलाही बोलावलं होतं, पॅनल माझं म्हणून. बायका भिंतीशी उभ्या केल्या होत्या. हसीनाची सासू आली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. कुलसुम तिच्यापासून चार हात लांब. नानांनी क्रशर चालू केलं. साहेबांनी मश्रूम मारलं. क्रशर जागच्या जागी थांबलं. फिरवलं, चालू केलं, पुन्हा मारलं, पुन्हा थांबलं.

"बघा साहेब," नाना म्हणाले, "आमच्याकडून सगळं चोख आहे."

साहेब कुलसुमकडे वळले. शांत माणूस होता. "बाई, तुम्ही हे बटण मारलं होतं का?"

"मारलं साहेब. किती वेळा मारलं."

"मग मशीन थांबलं का नाही?"

"नाय थांबलं. मी मारत होते, ते चालतच होतं."

"आता तर थांबतं."

तेवढ्यात सासू मागून म्हणाली, "जिला थांबवायचंच नव्हतं, ती काय सांगणार? अल्ला बघतो सगळं."

कुलसुम रडली नाही की ओरडली नाही. तिने नुसता उजवा हात पुढे केला, तळवा वर. साहेबांना वाटलं ती काही मागते आहे. "काही लागलंय का हाताला?" म्हणाले. कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं. तळव्याच्या मधोमध गोल डाग होता, काळानिळा, कडेला पिवळा पडायला लागलेला. चाळीस मिलिमीटर. ते माप घ्यायला मला पट्टी लागत नाही, तसली डोकी मी जन्मभर बसवली आहेत. एकदा मारून तसला डाग पडत नाही. दोनदा मारूनही नाही. जीव खाऊन, पुन्हा पुन्हा, हाड दुखेपर्यंत मारलं तर पडतो. ती पोर चार दिवस तो हात घेऊन घरात, मोहल्ल्यात फिरत होती आणि अख्ख्या गावात तो डाग वाचता येणारी मी एकटी बाई, मी गाळ्यावर बसून होते.

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी या बटणाला लूप होता. मी टाकला होता. अपघातानंतर मीच काढला. ही खरं बोलते आहे."

"ताई, काय बोलताय?" नाना पुढे आले. "साहेब, त्यांना बरं नाही, प्रवासाने..."

"नाना, तुकडा तुमच्या खिशात गेला," मी म्हटलं. "आणि मी ठणठणीत आहे."

साहेबांनी कागद पुढे केला. मी सगळं लिहून दिलं, लूप का टाकला, एलिमेंट कधी आला, किती दिवस फळीवर होता. सही केली. पुढे माझ्या परवान्याचं काय झालं, नानांचं आणि मालकांचं काय झालं, एमआयडीसीतल्या किती जणांनी मला ओळख दाखवणं सोडलं, ते मी इथे सांगत बसणार नाही. मी काही पराक्रम केला नाही. चार दिवस उशिरा खरं बोलले, एवढंच. आणि तेही त्या पोरीने हात पुढे केला म्हणून. नसता केला तर? हा प्रश्न मला कुणी विचारू नका, मी स्वतःला पुष्कळ विचारला आहे.

तिथे भिंतीशी उभी सासू आधी माझ्याकडे आणि मग कुलसुमकडे बघत राहिली. मग लांबचे चार हात चालून गेली आणि सुनेचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मला बरं वाटलं. लाज नाही बाईला, बरं वाटलं!

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. जायलाच हवं होतं. दार उघडंच होतं. आत हसीना भिंतीला टेकून बसली होती, हाताला मोठं बँडेज, आणि कुलसुम समोर बसून तिला भात भरवत होती. सासूने मला बस म्हटलं. मला बसवेना. मी उभ्याउभ्याच हसीनाची माफी मागितली. ती खाली बघत म्हणाली, "नशीब माझं." मग मी कुलसुमला म्हटलं, "तुझ्यावर जो आळ आला तो माझ्यामुळे. मला माफ कर." खरं सांगते, मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे बाय, तुम्ही बोललात म्हणून मी सुटले.

कुलसुमने ताटली खाली ठेवली आणि मला दारापर्यंत घेऊन आली. हसीनाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली.

"आळाचं सोडा. लोक आज बोलतात, उद्या विसरतात," ती म्हणाली. "पॅनल बसवलंत त्या दिवशी तुम्ही आम्हा सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं होतंत. आठवतं? बोललात, कुणाचा हात अडकला तर घाबरून पळू नका, ओढाओढ करू नका, दुसरं कायपण करू नका. हे लाल मारा, मशीन थांबलंच पाहिजे. प्रत्येकीकडून बोलून घेतलंत. मेन स्विच कुठे ते मला ठाऊक होतं, बाय. दहा पावलं. धावत गेले असते तर एखादं बोट गेलं असतं, तीन नसती गेली. मी गेले नाय. तुम्ही सांगितलेलं म्हणून तिथेच मारत राहिले."

ती आत वळली, हसीनाचं जेवण अर्धं राहिलं होतं.